तीर पारखून घ्या

(तरुणांच्या शिबिरात एका जुन्या तीरंदाजाने केलेले बोलणे. जसे बोलले तसे उतरवून घेतले आहे. पाड्यापाड्यावर वाचून दाखवावे.)

साथींनो, बायांनो, पोरांनो,

मला भाषण येत नाही. मला तीर येतो. म्हणून तीरावरच बोलतो.

पहिले हा हात बघा. अंगठ्याच्या मुळाशी हा वण आहे ना, तो वाघाचा नाही, अस्वलाचा नाही. माझ्याच तीराचा आहे. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. काकाच्या भात्यातला तीर न विचारता घेतला. त्याला बारीक चीर होती, ती मी बघितली नाही. दोरी सोडली आणि तीर कामठीवरच फुटला. बांबूची चिपाट हातात घुसली. दोन महिने नांगर धरता आला नाही. काका एवढंच बोलला, "कामठी सगळेच बघतात, तीर कोण बघतो?"

तर तीर कसा बघायचा ते सांगतो.

तीराला भरीव बांबू पाहिजे. आपल्याकडची मानवेल चांगली. पावसाळ्यातला कोवळा बांबू घेऊ नका, तो वाळला की वाकतो आणि त्याला कीड लागते. थंडीत घ्या. सावलीत वाळवा, उन्हात टाकलात तर तडकेल. मग निखाऱ्यावर शेकून हातानं सरळ करा. एक डोळा मिटून काडीच्या टोकापासून टोकापर्यंत बघा. वाक दिसला की पुन्हा शेका.

लांबी अशी मोजायची. तीराची खाच छातीला लावा. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये तीर धरा. टोक बोटांच्या पुढे चार बोटं तरी निघालं पाहिजे. पोराच्या हातात बापाचा तीर चालेल, थोडा लांब होईल एवढंच. पण बापाच्या हातात पोराचा तीर देऊ नका. आखूड तीर जास्त ओढला की टोक कामठीच्या मागं येतं आणि सुटला की हातात शिरतो.

कामठी हलकी असेल तर तीर बारीक, लवचीक. कामठी जड असेल तर तीर जाड, ताठ. हलक्या कामठीवर ताठ तीर लावला तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तीर डावीकडं जातो. पोरगं म्हणतं माझा नेम वाईट. नेम वाईट नसतो, तीर चुकीचा असतो. आणि जड कामठीवर फार हलका तीर लावू नका. सगळा जोर उलटा कामठीवर येतो. रिकामी दोरी तर कधीच सोडायची नाही, कामठी मोडते.

तीर बोटावर तोलून बघा. मध्यापेक्षा थोडा पुढं तोलला पाहिजे. मागं जड असेल तर हवेत डोलतो. पिसं तीन लावा, पण तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या पंखाचं पीस एका अंगाला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. मिसळलीत तर तीर भांबावतो. कोंबडीची पिसं पुरतात. त्यासाठी कुठला पक्षी मारायची गरज नाही. लाखेनं चिकटवा, वरून सूत बांधा.

सराव करायचा तर एकसारखे सहा तीर करा. किराणा दुकानाच्या तराजूत एकेक तोलून बघा. एक जड, एक हलका असेल तर हाताला कधीच कळत नाही की चूक कुणाची. आणि दर वेळी तीर मारायच्या आधी तो हलका वाकवून कानाशी धरा. कर्र असा आवाज आला की मोडून चुलीत घाला. जीव लावू नका.

आता टोकाचं बोलू. आपल्या म्हाताऱ्यांकडं दोन जातीचे तीर असायचे. मोठ्या जनावराला लोखंडी पात्याचा. ससा, तितर, लावा, असल्या बारक्या शिकारीला बोथट टोकाचा. बोथट का? पात्याचा तीर बारक्या जिवातून आरपार जातो, जनावर जखमी होऊन झुडपात शिरतं आणि तिथं तडफडून मरतं. ना तुमचं, ना जंगलाचं. बोथट तीर ठोसा मारतो, जनावर जागेवर पडतं. चुकला तरी फांदीत रुतून बसत नाही. म्हातारे तेवढा विचार करत होते.

पण पोरांनो, हे मी जुन्या दिवसाचं सांगतोय. आजचा कायदा वेगळा आहे. तो कान उघडे ठेवून ऐका.

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. त्यात बारक्या शिकारीचा परवाना म्हणून एक कागद होता. आपल्यापैकी कुणाकडं होता? कुणाकडंच नाही. १९९१ साली कायदा बदलला आणि तो परवानाही गेला. आता ससा नाही, तितर नाही, घोरपड तर मुळीच नाही. मोर नाही. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही: कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, हाकणं, फासा लावणं, मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकार. म्हणजे तीर चुकला तरी गुन्हा. अभयारण्यात तर परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाच गुन्हा, आणि कायद्याच्या हत्यारांच्या यादीत धनुष्यबाण नावानं लिहिलेला आहे. यावलकडं सोयरीक असेल त्यांनी हे ध्यानात ठेवा. अंगावर जनावर आलं आणि जीव वाचवायला मारलं, तर तो गुन्हा नाही. पण ते लगेच चार माणसांना आणि संघटनेला कळवा.

उंदराला या कायद्याचं संरक्षण नाही. शेतात बिळातून निघाला तर बोथट तीर चालवा. मासे मारायचे तर अभयारण्याबाहेरच्या नदी-नाल्यात. माशाचा तीर लांब, टोकाला उलटा काटा, पिसं नकोत. आणि मासा दिसतो तिथं मारू नका, त्याच्या खाली मारा. पाणी डोळ्याला फसवतं, मासा दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

हे सगळं का सांगतोय? मागच्या वर्षी आमच्या पाड्याची दोन पोरं सराव करून येत होती. भात्यात लोखंडी पात्याचे तीर. नाल्यावर अडवलं, शिकारीचा गुन्हा लिहिला. ना ससा सापडला, ना पीस. तारखेला जाऊन जाऊन एकाच्या घरची शेळी विकली गेली. ते कमी म्हणून, आम्ही नेवाडाचे पुरावे घेऊन गेलो तेव्हा तोच कागद पुढं केला: "हे जंगल राखणारे लोक? हे तर शिकारी." २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून कसलेली नेवाडं आहेत आमची. म्हातारे साक्षीला आहेत, बांध आहेत, आंब्याची झाडं आहेत. पण दोन तीरांनी आम्हाला मान खाली घालायला लावली. जंगल कुणी तोडलं, ट्रक कुणाचे भरले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपण त्यांना बोट दाखवायला जागा का द्यायची?

म्हणून कुणी म्हणेल, तीरच सोडा. मी म्हणतो, नाही. १८५८ साली आंबापाणीला आपले लोक बंदुकांसमोर तीर घेऊन उभे राहिले. तो वारसा आहे. एकलव्याचा अंगठा गेला म्हणून आपल्यात अजून पुष्कळ जण अंगठा न लावता दोन बोटांनी दोरी ओढतात. आणि उदयपूर जिल्ह्यातला आदिवासी पोरगा लिंबाराम, लहानपणी बांबूच्याच कामठीवर शिकलेला, १९८८ ला सोलच्या आणि १९९२ ला बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला जाऊन आला. आपल्या पोरांचा हात काही कमी नाही. पोरींचाही नाही.

तर आमच्या पाड्यानं बैठकीत ठरवलं ते सांगतो. तुमच्या पाड्यावर बोलून बघा.

सरावाचे तीर सगळे बोथट, पिसांखाली लाल सूत बांधलेले. लोखंडी पात्याचे तीर घरात आढ्याला, पूजेला आणि लग्नाला काढायचे. सराव गावाच्या मैदानात, दिवसा, सगळ्यांसमोर. कडब्याच्या पेंढ्या घट्ट बांधून निशाण, मागं मातीचा बांध. सगळे तीर सुटल्याशिवाय कुणीही आणायला जायचं नाही. बोथट तीरानंही डोळा जातो. जंगलात तीर घेऊन एकट्यानं फिरायचं नाही. आणि कुणी अडवलं तर पळू नका, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा.

अंगठा आपण एकदा दिला. पुन्हा द्यायचा नाही.

जिंदाबाद!