पुडीवरचे नाव

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आज येथे आपण गुणवंत मुलांचा सत्कार केला. ह्याच वयाच्या मुलांवर एका निराळ्या व्यापाऱ्याचीही दृष्टी आहे, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहो. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक. रसायनशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु कृत्रिम मादक द्रव्यांचा व्यापार शब्दांच्या कपटावर चालतो, आणि शब्द तर आम्ही जन्मभर शिकविले.

मेफेड्रोन हे रसायन १९२९ साली प्रथम तयार झाले व पुढे विस्मरणात गेले. चालू शतकाच्या आरंभी ते बाजारात अवतरले. इंग्लंडात ते 'रोपांचे खत' म्हणून उघड विकले जाई, आणि पुडीवर 'मानवी सेवनासाठी नाही' असे छापलेले असे. सरकारने एक अर्थ घ्यावा, गिऱ्हाइकाने दुसरा! २०१० साली तेथे त्यावर बंदी आली. कृत्रिम गांजाची रीतही हीच. वाळलेल्या पाल्यावर रसायन फवारावयाचे, चकचकीत पाकिटात भरावयाचे आणि 'स्पाइस' नावाचा धूप म्हणून विकावयाचे. एकावर बंदी येताच रेणूत किंचित फेरफार करून दुसरे पुढे करावयाचे. अखेर २०१६ साली ब्रिटनला अशा सर्वच पदार्थांच्या विक्रीवर सरसकट बंदी घालावी लागली.

हे संकट परदेशचे मानून आपण निर्धास्त राहू नये. भारतात मेफेड्रोन २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तरीही २०२४ साली पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला गेला. तरुणांत त्याची नावे 'एम.डी.' आणि 'म्याऊ म्याऊ'. मांजराच्या पिलाला शोभणाऱ्या नावाचे भय कोणास वाटावे? त्यातून पुडी मित्राच्या हातून आली, म्हणजे संशयही उरत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलाचे व्यसन कळताच, बहिणीचे लग्न जुळणार नाही ह्या धास्तीने आईबाप ते झाकतात. ह्या मौनाचा लाभ विक्रेत्यासच होतो. १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ सर्वांनी ध्यानी ठेवावे : केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर खटल्यापासून त्यास संरक्षण मिळते. १४४४६ ह्या क्रमांकावर शासनाचा विनामूल्य सल्लाही मिळतो. कायदा इतका उदार असता ज्ञातीने कठोर का व्हावे? अशा घरची सोयरीक आपण नाकारू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.