फोटोच्या पाठीवरचे नाव



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या रांगेत आम्हांला उभे केले, याबद्दल चालकांचे आभार मानतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे वडील साचेखात्यात होते. संप लांबत गेला तशी घरातली चूल थंडावत गेली आणि आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो, ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज पांडित्याची अपेक्षा ठेवू नये, एवढे आधीच सांगून टाकतो.

विषय आहे ब्रिटनमधल्या गावांची जुनी छायाचित्रे आणि तिथल्या लोकांच्या आठवणी. तुम्ही म्हणाल, गिरणी कामगाराच्या पोराला विलायतेच्या गावांचे काय पडले आहे? त्याचे कारण आमची एक फजिती आहे. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक फोटो आहे. गिरणीच्या आवारात एकतीस माणसे ओळीने उभी आहेत आणि डावीकडून दुसरे आमचे वडील. हा फोटो दाखवून आम्ही वीस वर्षे भाषणे केली. ‘पाहा, ही संपाची कमिटी! यांनी पोटाला चिमटा घेऊन लढा दिला,’ असे आम्ही सांगायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. एके दिवशी एक म्हातारे साचेवाले फंडाच्या कागदासाठी कचेरीत आले. चष्मा पुसून त्यांनी फोटो पाहिला आणि ते हसू लागले. म्हणाले, ‘अरे, कमिटी कसली? ही खंडेनवमीची पूजा. मागं बघ की, दारातून साचा दिसतोय, त्याला हार घातलाय. साल एकोणऐंशी. संप कुठला आलाय तेव्हा!’

मग त्यांनी काचेवर बोट ठेवले आणि एकेक नाव सांगायला सुरुवात केली. हा कणकवलीकडचा, हा पाटणचा, हा बदलीत होता, याला दमा होता. वडील धरून एकोणीस नावे झाली. आम्ही शरमेने खाली मान घालून ती लिहून घेतली. वीस वर्षे भिंतीवर असलेला तो हार आम्हांला दिसला नव्हता, कारण आम्हांला भाषण करायचे होते.

त्या दिवसापासून आम्हांला एक छंद जडला. जुने फोटो कोण काढतो, कोण जपतो आणि त्यांतल्या माणसांची नावे कोण सांगतो, हे शोधायचे. वाचनालयात हाती लागली ती बहुतेक पुस्तके ब्रिटनची निघाली. फोटोची कला तिथे १८३९ पासून वाढली आणि कारखानेही तिथेच आधी उभे राहिले. म्हणून यंत्रयुगातल्या गरीब माणसाचा चेहरा फार लवकर काचेवर उमटला तो त्या देशात.

पहिले नाव घ्यायचे ते फ्रान्सिस फ्रिथ यांचे. जन्म १८२२, चेस्टरफील्ड गावी. लिव्हरपूलला किराणा मालाचा घाऊक व्यापार करून या गृहस्थांनी पैसा मिळवला, १८५६ साली धंदा विकला आणि कॅमेरा घेऊन इजिप्त गाठले. परत आल्यावर रायगेट गावी त्यांनी कंपनी काढली आणि मनाशी बेत केला, की ब्रिटनमधल्या एकूण एक शहराचे आणि खेड्याचे चित्र घ्यायचे! १८९८ साली ते वारले, पण मुलांनी काम चालू ठेवले. कंपनी १९७०च्या सुमारास बंद झाली. मागे सात हजारांहून अधिक गावांची तीन लाखांहून अधिक चित्रे राहिली, आणि ती आजही जपलेली आहेत.

ही चित्रे विकण्यासाठी काढलेली होती. रेल्वेने सहलीला आलेला माणूस आठवण म्हणून एक विकत घेई. पुढे त्यांचीच पोस्टकार्डे झाली. साहजिकच चर्च, पूल, बाजाराचा रस्ता, समुद्रकिनारा असे डोळ्यांना गोड वाटेल तेच त्यांत अधिक. घरभाडे थकलेल्या माणसाचे दार पोस्टकार्डावर कोण घेणार? पण रस्त्याचे चित्र घेताना रस्त्यावरचा माणूस आपोआप त्यात येतो. दुकानाच्या दारातला पोऱ्या, हातगाडीवाला, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारी पोरे. चित्राखाली गावाचे नाव आहे, पोराचे नाही. आता त्या त्या गावचे लोक या चित्रांना आपल्या आठवणी जोडत असतात. या दुकानात मी पहिली नोकरी केली, या पुलाखाली आम्ही पोहायला शिकलो, अशा साध्या गोष्टी. विकण्यासाठी काढलेल्या चित्रात अशा रीतीने गाव परत राहायला येते.

दुसरे उदाहरण ग्लासगो शहराचे. तिथल्या जुन्या वस्तीत अंधारे, अरुंद बोळ होते. एकेका खोलीत माणसे कोंबलेली, आणि पटकी नि तापाच्या साथी ठरलेल्या. १८६६ साली कायदा होऊन ही वस्ती पाडायचे ठरले आणि पाडण्यापूर्वी तिची चित्रे घेण्याचे काम टॉमस अॅनन यांना मिळाले. १८६८ ते १८७१ या काळात त्यांनी ती घेतली. त्या वेळी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. म्हणून जो स्तब्ध राहिला तो चित्रात आला. जो हलला त्याचा धुरकट डाग झाला. दोरीवरचे कपडेही वाऱ्याने हलून पुसट झाले आहेत. एका प्रसिद्ध चित्राखाली लिहिले आहे, ‘बोळ, ११८, हाय स्ट्रीट’. घराचा क्रमांक टिकला, राहणाऱ्याचे नाव गेले. चित्र काढायला लावणाऱ्यांना वस्तीची नोंद हवी होती, आणि ती त्यांना मिळाली.

आता आमच्या धंद्यातला, म्हणजे सभेचा फोटो सांगतो. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानावर चार्टिस्टांची सभा भरली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, मतदान गुप्त, खासदाराला वेतन अशा त्यांच्या सहा मागण्या होत्या. सभेला किती लोक होते? सरकार म्हणे पंधरा हजार. पुढारी लाखांच्या भाषेत बोलत. मोर्च्याच्या आकड्यावरून होणारे भांडण इतके जुने आहे! विल्यम किलबर्न यांनी त्या सभेचे चित्र घेतले. टोप्यांचा समुद्र, मध्ये झेंडे, मागे कारखान्याचे धुराडे. जगातल्या जनसभेच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. आणि ते कुठे टिकले? राजवाड्यात. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ते घेऊन ठेवले. ज्यांच्या मागण्यांची सत्तेला धास्ती होती, त्यांचे चित्र सत्तेच्या घरी जपले गेले. आमच्या लोकांनी यातून धडा घ्यावा. आपले दप्तर आपण ठेवले नाही, तर ते दुसरा ठेवतो आणि त्याच्या सोयीने ठेवतो.

पण सगळेच असे नाही. आर्थर मन्बी नावाचे एक वकील होते. कष्टकरी बायकांविषयी त्यांना विलक्षण कुतूहल. त्यात थोडा विक्षिप्तपणाही होता, तो लपवण्याचे कारण नाही. १८४२च्या कायद्याने बायकांना कोळशाच्या खाणीत उतरण्याची बंदी झाली. पण खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याचे आणि गाड्या ढकलण्याचे काम त्या करीतच राहिल्या. विगनच्या या बायका पुरुषी विजारी घालून, डोक्याला फडके बांधून काम करीत. मन्बींनी त्यांचे स्टुडिओतले फोटो जमवले, त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नावे रोजनिशीत लिहून ठेवली. १८७३च्या एका फोटोत ते स्वतः एलन ग्राउंड्स या खाणकामगार तरुणीशेजारी उभे आहेत. राजाच्या दप्तरातल्या हजारोंत एक नाव सापडत नाही, आणि ही कोळसा उपसणारी बाई दीडशे वर्षांनी आमच्या गावी नावानिशी येते! पुढे या बायकांना खाणीवरून हटवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८८७ साली त्यांचे शिष्टमंडळ लंडनला गृहमंत्र्यांकडे गेले आणि त्यांनी आपले काम राखले.

लँकेशायरमधले ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे शहर. तिथे मिचेल आणि केन्यन या जोडीने १९००च्या सुमारास चलच्चित्रे काढायला सुरुवात केली. गिरणी सुटायच्या वेळी फाटकासमोर कॅमेरा लावायचा, बाहेर पडणारे कामगार टिपायचे, आणि जत्रेच्या तंबूत तेच दाखवायचे. ‘या, स्वतःला पाहा!’ हा धंद्याचा मंत्र. डोक्यावर शाली घेतलेल्या बायका, लाकडी तळव्यांचे जोडे घातलेली पोरे, कोणी लाजतो, कोणी टोपी उडवतो. पुढे हे सारे विस्मरणात गेले. १९९४ साली ब्लॅकबर्नच्या एका जुन्या दुकानात काम चालू असताना तळघरात धातूची पिंपे सापडली. आत सुमारे आठशे फिल्मा! त्या स्वच्छ करून पुन्हा पाहण्याजोग्या केल्या गेल्या. मग खरे काम सुरू झाले : हे फाटक कोणते, हा रस्ता कुठला? ट्रामवरची पाटी, दुकानाचा फलक, धुराड्याचा आकार पाहून आणि त्या त्या गावच्या जाणकारांना विचारून गावे ओळखली गेली. यंत्राने चित्र राखले. ओळख पटवायला माणूसच लागला.

त्या फाटकांशी आमचे नाते परके नाही. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईपर्यंत आलेली होती. तोच भोंगा, तीच घाई, केसांत तोच कापूस. आणि त्या नात्यात कडवटपणाही होता. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा आमचा गिरणी कामगार चिरडला गेला. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन गावी गेले. विलायती कापडावरच्या बहिष्काराची झळ त्या भागाला लागलेली होती. गिरण्या बंद, माणसे बेकार. आणि तरी तिथला तो फोटो पाहा. पंचा नेसलेले गांधीजी मध्ये, भोवती गिरणीतल्या बायका, हात उंचावून हसणाऱ्या! ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला, त्या बायका बहिष्कार पुकारणाऱ्याचा जयजयकार करीत आहेत. नुसता फोटो पाहिला तर वाटेल, तिथे सारा आनंदच होता. भोवतालच्या बेकारीची हकीकत कळली म्हणजे त्या हसण्याची किंमत कळते. त्या भेटीच्या आठवणी डार्वेनमध्ये पुढे घरोघर सांगितल्या गेल्या.

यावरून आमच्या अल्पमतीला जे दिसले ते सांगतो. फोटो आणि आठवण ही दोन्ही अर्धी माणसे आहेत. फोटो मुका असतो. त्याला नाव, गाव, कारण सांगता येत नाही. आठवण बोलकी असते, पण ती थाप मारते. मुद्दाम नव्हे, प्रेमाने मारते. आम्ही वीस वर्षे मारली. आठवणीची थाप फोटोतला हार पकडतो, आणि फोटोचे मौन म्हाताऱ्याचे बोट सोडवते. दोघांची गाठ पडली तर इतिहास होतो. गाठ पडण्याआधी म्हातारा गेला, तर एक कागद उरतो.

आमच्या गिरण्या गेल्या. कित्येक ठिकाणी धुराडी पाडून मनोरे उभे राहिले. संपानंतर पुष्कळ माणसे गावी परतली आणि तिथेच मिटली. आमचे ते साचेवालेही पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यांनी एकोणीस नावे दिली नसती, तर ती त्यांच्याबरोबर सरणावर गेली असती.

म्हणून एक काम सुचवतो. त्याला वर्गणी लागत नाही. आज घरी गेल्यावर पेटीतले फोटो काढा. मऊ पेन्सिलीने, कागदाला वळ न पडेल अशा बेताने, पाठीवर लिहा : नाव, गाव, साल, प्रसंग. आणि हे कोणी सांगितले, तेही लिहा. खात्री नसेल तिथे जागा कोरी सोडा. आमच्यासारखी कमिटी करू नका! घरात वडीलधारे माणूस असेल, तर त्याला उद्या नव्हे, आजच विचारा.

आमच्या फोटोतली आणखी तीन नावे नंतर मिळाली. नऊ जण अजून बिननावाचे उभे आहेत. या गावात गिरणीतून परतलेली घरे आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. तो फोटो आम्ही सोबत आणला आहे; दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी पेन्सिल आहे. जाताना थोडे थांबा. मागच्या ओळीत उजवीकडून चौथा, मिशीवाला, त्याने एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवला आहे. तो कोणाचा तरी बाप असेल.