दामाजीपंतांचे कोठार आणि आपले देऊळ
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



विठुरायाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने देवळाचे काम तडीस गेले. सभामंडपाशेजारची एक खोली मात्र अजून रिकामी आहे. कोणी म्हणतात, ती भाड्याने द्यावी. माझी विनंती अशी की, ती गावाच्या धान्याची खोली व्हावी.

आपला मंगळवेढा तालुका ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. पण पाऊस फिरला की हेच कोठार रिते होते. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली, असे परंपरा सांगते. बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला. इकडे पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारी गेला, धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. देवानेसुद्धा पावती घेतली, हे आपण ध्यानात ठेवावे. दान सढळ असावे, पण हिशेबही चोख असावा.

याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. गावाची भिंत त्यांनी बांधावी, पण देवळाच्या आत त्यांनी येऊ नये, असा तो काळ होता. पुढे गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखोबांच्याच नावाने धर्मशाळा उभारली. आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालताना बाबांनी कधी कोणाची जात विचारली नाही. आपल्या खोलीच्या दारातही ती विचारली जाऊ नये.

१९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांना आठवतो. खडी फोडायची, बांधावर माती टाकायची आणि मिलोची लाल भाकरी खायची. पोरांच्या हातावर सुकडी पडायची. त्या कामांतूनच रोजगार हमी आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला. रेशनचा आधार मोठा आहे. तरीही कोणाचे नाव कार्डावर नसते, कोणाच्या घरी अचानक आजारपण येते. अशा घराने आठ दिवस काय करावे? पूर्वी जमिनीत पेवे होती, अडीनडीला ती उघडत. आता ती राहिली नाहीत.

म्हणून सुगी झाली की ज्याने त्याने खळ्यावरून पायलीभर जोंधळा देवाच्या नावाने आणावा. वहीत जमा-खर्च लिहावा आणि दर एकादशीला किती आले, किती गेले ते वाचून दाखवावे. नेणाऱ्याचे नाव मात्र वाचू नये. देणगीदारांची नावे आपण पाटीवर कोरली, ते योग्यच झाले. घेणाऱ्याची लाज राखणे हेही तितकेच पुण्याचे काम आहे.

विश्वस्तांनी याचा विचार करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!