नागपूरची रस्तेयोजना

रस्ता कोणासाठी आखावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काशीहून कन्याकुमारीस निघालेल्या प्रवाशाला नागपूर हे वाटेवरचे एक ठाणे. त्याला हवा असतो अखंड मार्ग. वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची अडचण निराळी. पावसाची झड लागली की गाडीची चाके चिखलात रुततात, आणि चार कोसांवरचा दवाखाना त्याला परमुलखाइतका दूर होतो.

या दोघांची सांगड घालण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न नागपुरातच झाला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने १९२८ साली आपला अहवाल दिला. त्यातून १९२९ साली पेट्रोलवरील कराचा रस्तेनिधी उभा राहिला. पुढे, महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतींचे मुख्य अभियंते नागपुरास जमले व त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हारस्ते आणि ग्रामरस्ते अशी वर्गवारी तेथेच ठरली. मोठी शहरे जाळीसारखी जोडावी आणि प्रत्येक केंद्रातून ताऱ्याच्या किरणांप्रमाणे भोवतालच्या गावांकडे रस्ते न्यावे, अशी ती कल्पना होती. सुपीक मुलखातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हा तिचा गाभा होय. म्हणजे योजनेचे माप शहरापासून नव्हे, तर खेड्याच्या वेशीपासून घेतले गेले.

ठरलेली लांबी मुदतीपूर्वीच, १९६१ पर्यंत, पुरी झाली. पण पुष्कळ रस्ते कच्चेच होते, आणि कित्येक ठिकाणी ओढ्यावर पूल नव्हता. रस्ता कागदावर बारमाही असून भागत नाही. पूल नसेल तर पावसाळ्यात तो ओढ्याच्या काठीच संपतो. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना हाती घ्यावी लागली.

आता नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे. वेगासाठी त्यावर ठराविक ठिकाणीच प्रवेश मिळतो. प्रवाशाचे काम त्याने भागेल; परंतु शेजारच्या गावाला त्यावर पोचावयास किती अंतर कापावे लागते, हे नागपूरचे जुने माप त्यालाही लावलेच पाहिजे. महामार्गाची खरी किंमत अखेर त्याला येऊन मिळणाऱ्या लहान रस्त्यांवरच ठरते.