घाटरस्ता आणि आपले गाव

(श्रीग्रामदेवता मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त गोरेगाव, मुंबई येथे ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीग्रामदेवतेच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने देवळाचा जीर्णोद्धार तडीस गेला. कळस चढला. या आनंदाच्या प्रसंगी रस्त्याचा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु देवळासाठी लागलेले सिमेंट, लोखंड आणि फरशी ज्या वाटेने गावात आली, आणि गोरेगावच्या चाळीतून निघालेला चाकरमानी ज्या वाटेने पालखीस पोहोचतो, ती वाट सुखरूप राहिली तरच देवळात घंटा वाजणार आहे. म्हणून देवळाबरोबर रस्त्याचा विचार करणे योग्य ठरते.

आपले गाव सावित्रीच्या खोऱ्यात, घाटाच्या पायथ्याशी वसलेले. गोरेगावहून निघालेली गाडी पनवेल, महाड करीत पोलादपूरला येते, तोवर राष्ट्रीय महामार्ग. पोलादपूरहून पूर्वेस वळले की आंबेनळी घाटाचा रस्ता लागतो आणि तो प्रतापगडाच्या बाजूने महाबळेश्वरी चढून पुढे पाचगणी, वाई, साताऱ्याकडे जातो. कोकणातून देशावर जाण्याची ही आपल्या भागातली मुख्य वाट. सोयरीक, बाजार, दवाखाना, मुलांचे शिक्षण या सर्वांसाठी घाटावर जावे लागते.

प्रथम रस्त्यांच्या दर्जाविषयी थोडे. १९४३ साली नागपूर येथे देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि रस्त्यांची प्रतवारी ठरली. आज महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. गावाकडे वळणारे लहान रस्ते बहुतांशी जिल्हा परिषदेकडे असतात. जिल्हा परिषदा १९६२ साली अस्तित्वात आल्या. रस्त्याचा दर्जा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर केशरी. ही माहिती वरवर क्षुल्लक वाटते. परंतु चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो आणि तोवर पावसाळा येऊन ठेपतो.

सह्याद्रीतून वाटा काढण्याचे काम फार जुने आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटातून व्यापारी तांडे जात, त्याची साक्ष तेथील लेण्यातील शिलालेख देतात. मुंबई-पुण्याचा बोरघाट १८३० साली गाडीरस्ता म्हणून खुला झाला. आपल्या भागात पूर्वी पार घाटाची वाट होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि तांदूळ वर जात, धान्य आणि गूळ खाली येई. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जो इतिहास घडला, तो याच वाटांच्या आधाराने घडला. जावळीच्या वाटा ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाली कोकण आणि वर देश. पार गावी कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे आणि जवळच श्रीरामवरदायिनीचे देऊळ आहे. देऊळ आणि पूल शेजारी शेजारी, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण.

पुढे इंग्रजी अमदानीत, १८७० नंतरच्या दशकात, महाबळेश्वरहून पोलादपूर-महाडकडे उतरणारा गाडीरस्ता झाला. गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावावरून त्यास फिट्झजेराल्ड घाट म्हणत. आज लोक त्यास आंबेनळी घाट म्हणून ओळखतात. उत्तरेस महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट आणि दक्षिणेस चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा कुंभार्ली घाट, ही आपली दोन शेजारची भावंडे. हे दोन्ही रस्ते अनेक वर्षे राज्यमार्ग होते. अलीकडे त्यांना राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला आहे.

आता घाटरस्ता बांधतात कसा ते पाहू. डोंगराळ मुलखात सर्वसाधारणपणे वीस फूट चालल्यावर एक फूट चढ, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. पोलादपूरपासून महाबळेश्वर चार हजार फुटांहून अधिक उंच आहे. म्हणजे चार हजार फूट चढण्यासाठी निदान ऐंशी हजार फूट, सुमारे चोवीस किलोमीटर, नुसता चढाचा रस्ता पाहिजे. डोंगर तर समोर भिंतीसारखा उभा. मग रस्ता वळसे घेत, एकाच कड्यावर तीन-तीन वेळा मागे-पुढे जात वर सरकतो.

असा रस्ता बसवताना डोंगराची कूस खोदून अर्धी रुंदी काढतात आणि खोदलेली माती-दगड दरीच्या अंगास टाकून उरलेली अर्धी भरतात. भराव सरकू नये म्हणून खालून दगडी संरक्षक भिंत बांधतात. भिंतीत जागोजाग भोके ठेवतात, ती आतले पाणी बाहेर पडावे म्हणून. डोंगराच्या अंगास गटार आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून मोरी. वरून आलेले पाणी गटारात, गटारातून मोरीत आणि मोरीतून दरीत, असा हा हिशेब आहे. दरीकडचा कठडा प्रवाशास दिसतो. मोरी मात्र कोणास दिसत नाही. आणि रस्त्याचा सारा जीव त्या मोरीत असतो.

कारण सह्याद्रीचा डोंगर एकसंध नाही. लाव्हारसाचे थरावर थर बसून तो झाला आहे. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा, मऊ थर असतो. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरते, त्या मऊ थरावर साचते, थर लोण्यासारखा होतो आणि वरचा डोंगर घसरतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी पाचोळ्याने तुंबलेल्या एका मोरीपाशी अडले, तर ते रस्त्यावरून वाहू लागते, भरावात शिरते, भिंतीला आतून ढकलते. एके रात्री अर्धा रस्ता दरीत गेलेला असतो. लोक म्हणतात, पावसाने रस्ता नेला. पावसाने नेला हे खरे, परंतु त्यास वाट करून दिली तुंबलेल्या मोरीने.

गेल्या काही वर्षांतील घटना सर्वांच्या मनात ताज्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईची उपनगरे पाण्याखाली गेली. गोरेगावची मंडळी घरी पोहोचण्याच्या काळजीत होती आणि त्याच सुमारास महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळत होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातील पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही गेल्या. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. मनात आणले तर काम किती लवकर होते, हेही त्यावरून दिसले.

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एक जण वाचला. त्याने वर चढून येऊन खबर दिली. महाबळेश्वर-पोलादपूरकडील गिर्यारोहक आणि ग्रामस्थ दोर लावून दरीत उतरले आणि पावसात मृतदेह वर आणले. त्या माणसांचे उपकार शब्दांत सांगता येण्यासारखे नाहीत. आणि २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता अनेक ठिकाणी तुटला, प्रतापगडाच्या परिसरातील गावांचा संपर्क तुटला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

एवढा पाऊस झाल्यावर माणसाचा काय उपाय, असे कोणी म्हणेल. सर्वच संकटे टळतील असे नाही. परंतु देवळाचेच उदाहरण घ्यावे. देऊळ मोडकळीस येते ते बहुधा एका वादळाने येत नाही. एक कौल फुटते, तेथून थेंब गळतो, वासा ओला होतो, वाळवी लागते, भिंत फुगते. त्या पहिल्या कौलाकडे कोणी पाहिले असते, तर पुढे लाखांची वर्गणी काढावी लागली नसती. घाटरस्त्याचेही तसेच. तो एकदा बांधून पुरा होत नाही. दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याचा लहानसा जीर्णोद्धार करावाच लागतो.

पूर्वी या कामास मैलकुली असत. ठरलेल्या अंतराचा रस्ता ठरलेल्या माणसांकडे असे. फावडे, घमेले, कोयता घेऊन ते गटार काढीत, मोरीतला गाळ उपसत, खड्ड्यात मुरूम भरीत. आपल्या वाट्याच्या रस्त्यावरील कोणता दगड हलतो, कोणत्या मोरीत पाणी कमी येते, हे त्यांना पाठ असे. त्यांची संख्या आता फार घटली आणि काम ठेकेदारीने होऊ लागले. यंत्राने काम लवकर होते, रस्ता रुंद होतो, डांबर गुळगुळीत दिसते. परंतु रोज पायी चालून रस्ता पाहणारा डोळा राहिला नाही. ही उणीव गावाने भरून काढावयाची आहे.

ती कशी? प्रथम, १ मेच्या ग्रामसभेत गावाच्या हद्दीतील सर्व मोऱ्यांची यादी करावी. पावसास अजून महिना असतो. कोणती मोरी तुंबली, कोठे कठडा पडला, कोणत्या भिंतीला पोट आले, हे किलोमीटरच्या दगडाचा आकडा घालून ठरावात लिहावे. “रस्ता खराब आहे” असा अर्ज कोणाच्याच कामाचा नाही. “अमुक किलोमीटरजवळची मोरी गाळाने भरली आहे” असा अर्ज केला की अभियंत्यास जागेवर जावे लागते. प्रत बांधकाम उपविभागास आणि तहसीलदारांस द्यावी. पोच म्हणून आवक क्रमांक व तारीख आपल्या प्रतीवर अवश्य घ्यावी. जुलैत दरड आल्यावर त्या एका शिक्क्याचे मोल कळते.

दुसरे, आपल्या हाताने बिघाड करू नये. घराकडे गाडी नेण्यासाठी गटारावर मातीचा भराव टाकणे, मोरीच्या तोंडाशी कचरा लोटणे, रस्त्यावरच्या उतारातील माती खणून नेणे, झाडे तोडणे, हे प्रकार गावोगाव दिसतात. गटारावर वाट हवी असेल तर खाली नळी टाकून, परवानगी घेऊनच करावी.

तिसरे, पावसात खुणा ओळखाव्यात. रस्त्याच्या काठाशी समांतर लांब भेग पडली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले अथवा आटले, तर डोंगर हलू लागला असे समजावे. अशा वेळी थांबून पाहत बसू नये. माणसे हलवावीत आणि जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७ क्रमांकावर कळवावे.

गोरेगावकर मंडळींसाठीही दोन शब्द. बहुतेकांचे येणे शिमग्यास, मे महिन्यात आणि गणपतीस होते. त्यातील गणपती नेमके पावसात येतात. जिल्हाधिकाऱ्यांनी घाट बंद केला असेल, तर ओळखीच्या जोरावर अडसर बाजूला सारून जाऊ नये. आंबेनळी आणि वरंधा दोन्ही बंद असले तरी ताम्हिणीने किंवा कुंभार्लीने देशावर जाता येते. तेथेही निघण्यापूर्वी चौकशी करावी. वेळ जाईल, माणूस पोहोचेल. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीस प्रथम वाट द्यावी, हा नियमच आहे. उतरताना चढताना लागतो तोच गिअर ठेवावा, ब्रेकवर सर्व भार टाकू नये. धुक्यात आणि रात्री पुढच्या गाडीस मागे टाकण्याची घाई करू नये.

देणगीदारांना एक विनंती. देवळाच्या भिंतीवर आपली नावे कोरली गेली, ती योग्यच आहे. जीर्णोद्धाराच्या निधीतून काही रक्कम उरली, तर ती दोर, विजेऱ्या, स्ट्रेचर, फावडी आणि पहारी यांसाठी राखून ठेवावी आणि ते साहित्य देवळाच्या ओवरीत ठेवावे. संकटाच्या रात्री सरकारी मदत येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात. २०१८ साली दरीत प्रथम उतरली ती आसपासचीच माणसे होती. त्यांच्या हाती साधन असेल, तर एखादा जीव अधिक वाचेल. त्यावर कोणाचे नाव कोरलेले नसेल, पण ते पुण्य कळसाइतकेच मोठे आहे.

शेवटी एवढेच, की डोंगरातल्या गावास रस्ता हा दुसरा ग्रामदेव आहे. पहिल्याची पूजा रोज होते, दुसऱ्याची निदान वर्षातून दोनदा व्हावी, फावडे आणि घमेले हाती घेऊन. जीर्णोद्धारासाठी ज्यांनी अंग मोडून काम केले, ज्यांनी दूर राहूनही गावाची आठवण ठेवली, त्या सर्वांचे अभिनंदन. श्रीग्रामदेवता प्रत्येक वाटसरूस सुखरूप घरी आणो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद. जय महाराष्ट्र.