सागरतीराची निवड

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. पश्चिमेस मंगळूर आणि पूर्वेस चेन्नई. सडकेने दोन्हीकडचे अंतर साधारणतः साडेतीनशे किलोमीटर. दोन समुद्रांच्या मधोमध असलेल्या या शहराला समुद्र मात्र कोठूनही दिसत नाही. म्हणूनच की काय, येथील माणसाला सागरतीराची हौस मोठी. सुटी जवळ आली की मराठी घरांतूनही खल सुरू होतो. मुलांनी बाली आणि फुकेत येथील छायाचित्रे पाहिलेली असतात. आजीला गोकर्णाच्या महाबळेश्वराचे दर्शन हवे असते. गृहिणीला चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते. आणि गृहस्थ कागदपेन्सिल घेऊन खर्चाचा मेळ घालीत बसतो. सर्वांची मते विचारात घेतली जातात. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जावयाचे, त्या समुद्राचे मत मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

समुद्राचे मत म्हणजे त्याचा ऋतू. निवडीचा आरंभ स्थळापासून न करता महिन्यापासून करावा. नैर्ऋत्य मोसमी वारे जूनच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि पुढे तीन-चार महिने अरबी समुद्र खवळलेला राहतो. कोळी समाजाने याची खूणगाठ नारळी पौर्णिमेच्या सणात बांधून ठेवली आहे. श्रावणात दर्याला नारळ अर्पण करावा आणि मगच होडी पाण्यात लोटावी, अशी ही रीत. आजचे सरकारी नियमही यापासून फार दूर नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांची वीण सुरक्षित राहावी हा त्यातील मुख्य हेतू. तथापि पश्चिमेकडे वादळी दिवसांत माणसेही त्यामुळे सुरक्षित राहतात.

पूर्वेचे गणित निराळे आहे. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि बंगालच्या उपसागरातील मोठ्या वादळांचाही तोच हंगाम. तेव्हा नाताळच्या सुटीत कारवार, गोकर्ण, मुरुडेश्वर, मलपे हा पश्चिमेचा पट्टा पाहावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाबलिपुरम् किंवा पुदुच्चेरी यांचाही विचार करता येतो. उन्हाळ्याच्या सुटीत पश्चिमेस जावयाचे तर मेच्या मध्यापूर्वी जाऊन यावे; त्यानंतर समुद्राचा नाद सोडून कोडगूच्या डोंगरांकडे वळावे, हे उत्तम.

हाच न्याय परदेशासही लागू पडतो. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च शांत असतो, तर त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. थायलंडात फुकेतचा पाऊस मेपासून ऑक्टोबरपर्यंतचा. त्याच देशाच्या पूर्वेकडील सामुई बेटावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. फ्रान्समधील नीस शहराचा किनारा चित्रांत विलोभनीय दिसतो. परंतु तेथे वाळूऐवजी गोल गोटे आहेत आणि एप्रिल-मेमध्ये पाणी इतके थंड असते, की बेंगळुरूची मुले पाय बुडवून परत फिरतील. ऑस्ट्रेलियातील सिडनीस तर आपला मे महिना म्हणजे सरता शरद ऋतू. चित्रावर महिना लिहिलेला नसतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ऋतूनंतर विचार करावयाचा तो किनाऱ्याच्या स्वभावाचा. काही किनारे स्नानाचे, काही केवळ बसण्याचे. चेन्नईचा मरीना हा दुसऱ्या प्रकारचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला बंदर बांधले जाईपर्यंत जहाजे दूर समुद्रात नांगर टाकीत आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून उतारूंना फुटत्या लाटांवरून काठावर आणावे लागे. अशा पाण्याच्या कडेने फिरण्याचा रस्ता करविला तो गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी, १८८० नंतरच्या दशकात. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक जेम्स ग्रँट डफ यांचे हे पुत्र. सायंकाळचा वारा घ्यावा, मुलांना वाळूत खेळू द्यावे आणि परतावे, एवढेच त्या किनाऱ्याकडून मागावे.

कारवारचा किनाराही नुसते बसून राहण्याच्या योग्यतेचा आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर तेथे न्यायाधीश असताना त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ तरुण वयात त्यांच्याकडे राहिले होते, आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी तेथेच लिहिले. आज तो किनारा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वृद्ध माणसे बरोबर असतील तर सोयींची चौकशी आधी करावी. स्वच्छता, सुरक्षितता आणि सोयी यांच्या ३३ कसोट्या लावून 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दिले जाते. २०२० साली भारतातील आठ किनाऱ्यांना ते प्रथम मिळाले, त्यांत कर्नाटकातील कासरकोड आणि पडुबिद्री हे दोन होते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी व्हावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी चालू वर्षाची खात्री करून घ्यावी.

परंतु ऋतू अनुकूल आणि किनारा नामांकित असला, म्हणजे चिंता मिटली असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या चार मुली मुरुडेश्वर येथे बुडाल्या. महिना डिसेंबरचा होता, पावसाळ्याचा नव्हे. पठारावरची मुले समुद्राला मोठे तळे समजतात, आणि कधी कधी मोठी माणसेही तसेच समजतात. तळ्याचे पाणी स्थिर असते. समुद्राचे पाणी काठाशी येते आणि परत जाते. लाटांनी आणलेले पाणी वाळूच्या दांड्यामधील एखाद्या खिंडीतून वेगाने मागे फिरते. त्या चिंचोळ्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत. नवख्याला तीच जागा सर्वांत शांत वाटते आणि तो नेमका तेथेच उतरतो. ओढ लागल्यावर काठाच्या दिशेने झगडणाऱ्याचे बळ लवकर संपते. न घाबरता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि पोहता येत असल्यास काठाला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यावे. न पोहणाऱ्याने गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ मोठ्या लाटा येऊन शेकडो लोक आत ओढले गेले. जीवरक्षकांची मोठी तुकडी त्या दिवशी तेथे हजर होती, म्हणून मृतांची संख्या पाचावर थांबली. किनारा निवडताना उपाहारगृहांची चौकशी होते. जीवरक्षक आहेत काय आणि ते कोणत्या वेळी असतात, ही चौकशी त्याहून आधी व्हावी.

भरती-ओहोटीचे ज्ञान तर घरातील पंचांगातच आहे. कोकणात एक जुना हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी. हा हिशेब स्थूल आहे आणि कोकणपट्टीपुरताच आहे. पूर्व किनाऱ्यावर तो चालत नाही. पण ज्या आजीला एकादशी अचूक ठाऊक असते, तिला नातवंडांची पाण्यात उतरण्याची वेळ ठरविण्याचाही अधिकार आहे, हे घरच्यांनी मान्य करण्यास हरकत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणी पाण्यात उतरू नये. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, लाल निशाण लावले आहे काय, हे वाळूवर उभे राहून पाहावे आणि जवळच्या कोळ्याला विचारावे. त्याने नको म्हटले तर वाद घालू नये. ज्याचे पोट समुद्रावर आहे, तो नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो. चार दिवसांची रजा घेऊन आलेल्या पाहुण्याने घटकाभर थांबावयास काय हरकत आहे? दूरच्या बेटावरील असो वा कारवारचा असो, ज्या किनाऱ्यावरून प्रसंगी न भिजता परतण्याची तयारी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवली आहे, तो किनारा त्या घराने योग्य निवडला असे समजावे.