सातव्या पिढीचा संगणक

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तेथे संध्याकाळी आम्ही चारदोन निवृत्त मंडळी जमतो. सन 2025 च्या पावसाळ्यात आमच्या बैठकीचा विषय राजकारण नव्हता, गुडघेदुखीही नव्हती. विषय होता संगणकाच्या पोटातली एक चिप.

वार्ता अशी होती, की 14 ऑक्टोबरनंतर, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबणार. संगणक चालेल, पण त्याचा पहारेकरी जाईल. बरे, विंडोज 11 घ्यावी, तर तिच्या अटी जुन्या काळच्या वरपक्षासारख्या! गुप्त किल्ल्या कुलूपबंद ठेवणारे टीपीएम 2.0 हवे, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा.

माझा निघाला सातव्या पिढीचा.

"सात पिढ्यांची पुण्याई असून प्रवेश नाही?" एक माजी पोस्टमास्तर उद्गारले.

"सरळ आठवी नापास म्हणा ना!" एका शिक्षकांनी निकाल दिला.

शेजारच्या काकूंना ह्यात अडचणच दिसेना. दात बसवितात तशी चिप बसवून घ्यावी, असे त्यांचे मत पडले. दुरुस्तीवाल्या मुलाने मात्र मान हलविली. "आंटी, चिप लग भी गई, तो प्रोसेसर का क्या करेंगे?"

खरे म्हणजे आम्हा रायपूरकरांना अशा बदलांची सवय हवी. येथील ज्येष्ठांची राजधानी आधी नागपूर होती. 1956 साली ती भोपाळ झाली आणि 2000 साली खुद्द रायपूरच. माणसे आपापल्या ओसरीवर बसूनच राहिली, बदल्या राजधानीच्या झाल्या!

हसणे थांबले ते काकूंमुळेच. एके संध्याकाळी त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. आत साडेतीन इंची सहा फ्लॉप्या. नागपूरहून रायपुरास आलेल्या आजोबांपासूनची घराण्याची हकीकत त्यांच्या यजमानांनी त्यांवर टंकून ठेविली होती. एकीत मावणार 1.44 मेगाबाइट, आज मोबाइलवरील एका छायाचित्रालाही बहुधा ती जागा पुरत नाही. 1998 साली ॲपलच्या आयमॅकने फ्लॉपीची खाच काढून टाकली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. आमच्या घरातली खाच कधी गेली, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

"नव्या संगणकात ह्या घालता येतील ना हो, भाऊ?" काकूंनी विचारले. श्रोतेहो, कोणालाही विनोद सुचला नाही.

दुरुस्तीवाल्या मुलाने कोठून तरी बाहेरून जोडावयाचे फ्लॉपीयंत्र आणले. चार फ्लॉप्या उघडल्या. दोन नुसत्याच कुरकुरल्या. उघडल्या त्यांतही मराठी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची खिचडी. युनिकोडपूर्वीचा तो जुना फॉन्ट हवा होता. पुष्कळ धुंडाळल्यावर तो सापडला माझ्या आठवी नापास संगणकात!

इंटरनेट तोडून तो संगणक आता मी काकूंच्या टेबलावर ठेविला आहे. त्या रोज दोन पाने वाचतात, आणि यजमानांच्या शुद्धलेखनाच्या चुका मला फोन करून सांगतात.